परसदारी : माहेरचा सुरण

भगिनींनो, या वेळी पालक-मेथीच्या वाफ्यांबद्दल लिहायचे असे ठरविले होते. पण दिवाळी सरल्यावर एक पत्र आले आणि तो विषय मागे पडला. पत्र लिहिणारी मुलगी रायगडकडची आहे. लग्नाला तीन वर्षे झाली. तिचे नाव-गाव मी सांगत नाही, पण पत्रातली हकीकत सांगायला तिची हरकत नसावी, कारण अशी हकीकत दहा घरांपैकी चार घरांत घडलेली असते.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात तिच्या आईने तिच्या पिशवीत सुरणाचे दोन गड्डे घालून दिले होते. तिने ते सासरच्या परसात, न्हाणीच्या पाण्याच्या पलीकडे लावले. त्याची यंदा पाच झाडे झाली. दिवाळीला नणंदा येणार म्हणून तिने हौसेने एक झाड उकरले, ताज्या सुरणाची भाजी केली आणि सगळ्यांना वाढली. दोन घासांतच सासरे पानावरून उठले. मुलांच्या तोंडाला आग, नणंदेच्या घशात टोचल्यासारखे, आणि हिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल. सासूबाई म्हणाल्या, "असला माहेरचा वाण या घरात नको." नवरा म्हणतो, उरलेली चार उपटून ओढ्यात टाक. मुलगी विचारते, "काकी, माझ्या आईकडे हाच सुरण आम्ही दरवर्षी खात होतो, कुणाला काही झाले नाही. मग तो इथे येऊन विषारी झाला का? उपटून टाकू का?"

मुली, उपटू नकोस. ओढ्यात तर मुळीच टाकू नकोस. तुझ्या आईने दिलेल्या वाणात काही खोट नाही. तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि काय चुकले ते मला तुझ्याच अक्षरांत सापडले. एक तर तू दिवाळीला उकरलास, तेव्हा झाडाचे पान हिरवे होते, असे तूच लिहितेस. दुसरे, सकाळी उकरलास आणि दुपारी शिजवलास. तिसरे, फोडी आधी धुतल्यास आणि मग ओल्या हातांनी चिरत बसलीस. आणि चौथे, सासरी सुरणात आंबट घालत नाहीत म्हणून तूही घातले नाहीस. तुझी आई सुरण काढून महिनाभर माळ्यावर ठेवीत असे आणि भाजीत मूठभर आमसुले टाकीत असे, हे तू सहज लिहून गेलीस. सगळे उत्तर त्यातच आहे.

आता खाज कशाची ते समजून घेऊ. सुरण हा अळूच्या कुळातला. या कुळातल्या वनस्पतींच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे बारीक स्फटिक असतात, आणि त्यांचा आकार सुईसारखा असतो. अशा सुयांच्या जुड्याच्या जुड्या असतात. त्या हाताला, जिभेला, घशाला टोचतात आणि आग सुरू होते. गड्डा ओला करून चिरला की रस हातभर पसरतो आणि त्या रसाबरोबर सुयाही पसरतात. म्हणून सुरण चिरायचा तो कोरडा. वरची माती झाडून किंवा कोरड्या फडक्याने पुसून काढायची, हातांना मनगटाच्या वरपर्यंत खोबरेल किंवा गोडे तेल चोळायचे, विळीच्या पात्यालाही तेलाचे बोट लावायचे. साल जाड काढायची. बटाट्यासारखी पातळ साल काढून वाचवायला जाऊ नये, कारण सालीलगतचा भाग जास्त खाजतो. मग फोडी करून त्या चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात टाकायच्या आणि त्यानंतर हवे तितके धुवायचे.

एवढे करूनही नुसत्या उकळण्याने सगळ्या सुया नाहीशा होतात असे समजू नका. जाड साल, आंबट, भरपूर पाण्यात पुरते शिजवणे आणि ते पाणी फेकून देणे, अशा सगळ्या गोष्टी मिळून काम करतात. एखादी गाळली तर सुरण क्षमा करील किंवा करणार नाही, ते त्या वाणावर आणि त्या गड्ड्यावर आहे. आमच्या जुन्या बायका याला जोखीम म्हणत नसत. त्यांच्या हाताला या गोष्टींचे वळण पडलेले असे, आणि वळण पडलेल्या हाताला कारण विचारले तर सांगता येत नाही. म्हणून तर तुझ्या आईने तुला गड्डे दिले, पण आमसुलाचे सांगायचे राहिले. ज्येष्ठात जंगलातून येणारी शेवळेही याच कुळातली, आणि ठाणे-रायगडकडच्या बायका त्यात काकडाची आंबट फळे टाकल्याशिवाय ती शिजवीत नाहीत. तिथेही तीच युक्ती.

हाताला खाज सुटलीच तर लगेच पाण्याखाली धरू नये. तेल चोळावे, चिंचेचा कोळ लावून थोड्या वेळाने पुसावा, मग धुवावे. डोळ्यांकडे हात नेऊ नये. घशाला टोचले तर दही किंवा थंड दूध घ्यावे. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत उतरते. पण ओठ किंवा जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास जड झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा, विशेषतः लहान मूल असेल तर. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी सुरण, अळू, पालक या सगळ्यांबाबत डॉक्टरांना विचारूनच खावे.

आता परसाकडे वळू. तुझ्या चार झाडांची पाने या दिवसांत पिवळी पडू लागली असतील. सुरणाचे झाड म्हणतो ते खरे तर एकच मोठे पान असते. खोडासारखा दिसणारा तो ठिपक्याठिपक्यांचा दांडा म्हणजे पानाचा देठ, आणि वर छत्री उघडल्यासारखा पसारा. ती छत्री पिवळी पडून आपणहून मान टाकते तेव्हा गड्डा पिकला असे समजावे. वैशाखात लावलेल्याला त्यासाठी साधारण आठ महिने लागतात. दिवाळीला तो अजून भरत असतो. कोवळा गड्डा पाणचट लागतो आणि जास्त खाजतो, हा आमच्याकडचा घरोघरचा अनुभव आहे. सणाच्या घाईने सुरण काढू नये. सणाला हवाच असेल तर गेल्या वर्षीचा मातीत राखून ठेवलेला काढावा.

काढताना देठाला लागून कुदळ मारू नका. हातभर अंतरावरून चहूकडची माती मोकळी करावी आणि मग गड्डा दोन्ही हातांनी उचलावा. ज्याला घाव बसला तो आधी खायला घ्यावा, कारण तो टिकत नाही. बाकीचे चार दिवस सावलीत पसरून माती सुकू द्यावी, आणि मग माळ्यावर किंवा पडवीत, वारा लागेल अशा जागी, एकाला एक न चिकटवता एका थरात मांडावेत. ढीग घालू नये. ढिगात एक सडला की शेजारचे चार नेतो. दर पंधरा दिवसांनी हात फिरवून पाहावे, मऊ लागला तो बाजूला काढावा. एरवी दोन-तीन महिने काही होत नाही, उलट थोडा सुकलेला सुरण कमी खाजतो आणि चवीलाही उतरतो.

उकरशील तेव्हा एक गोष्ट नीट बघ, मुली. तू वैशाखात लावलेला तुकडा खाली चिपाड होऊन गेलेला दिसेल आणि त्याच्या डोक्यावर नवा गड्डा बसलेला असेल. सुरण दरवर्षी असा जुना खाऊन नवा होतो. म्हणून एकच गड्डा न काढता तीन-चार वर्षे तसाच ठेवला तर तो दरसाल वाढत जातो. आमच्या आगरात नारळीच्या बुंध्याशी विसरलेला एक गड्डा निघाला तेव्हा तो घमेल्यात मावला नव्हता. त्या वर्षी आधी त्याला फूल आले होते आणि घरातल्यांना वाटले की कौलांवर उंदीर मेला. सुरणाच्या फुलाला कुजल्यासारखी घाण येते, त्या वासाने कीटक येतात. फूल दिसले म्हणून घाबरू नका, काही अशुभ नाही. नाक दाबून दोन दिवस काढायचे.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून ती होणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी पौषात एक व्यापारी दारात टेम्पो घेऊन आला. त्याला मोठे गड्डे हवे होते. भाव बरा होता, आणि परसातले पैसे माझे, त्यात घरचे हात घालीत नाहीत. मी होते नव्हते ते सगळे गड्डे तोलून दिले. बेण्याला काय, तर गड्ड्यांच्या अंगावरची पिल्ले ठेवली, सुपारीएवढी, लिंबाएवढी. म्हटले, पिल्ले पन्नास आहेत, पन्नास झाडे होतील. झाडे झाली पन्नास, पण पहिल्या वर्षी गड्डे निघाले ते मुठीएवढे. ते पुन्हा लावले, दुसऱ्या वर्षी कैरीएवढे. तिसऱ्या वर्षी कुठे विकण्याजोगे झाले. दोन वर्षे बाजाराच्या दिवशी माझी टोपली रिकामी आणि उपासाला शेजारणीकडे मागायला जाणे. सुरणाचे पीक म्हणजे त्याचे बेणे. बेण्याचा गड्डा जेवढा, तेवढ्याच्या तिप्पट-चौपट पीक, असा ढोबळ हिशेब धरावा. पाऊण किलोचा तुकडा लावला तर अडीच-तीन किलोंचा गड्डा निघायला हरकत नाही. छटाकभर पिल्लाकडून तेवढे मागणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे.

तेव्हा तुझ्या चार झाडांपैकी दोनच खायला काढ. जी दोन सगळ्यांत ठसठशीत, ज्यांच्या पानावर रोग नव्हता, ती बेण्याला. पाने आखडलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची झाली होती अशा झाडाचे बेणे ठेवू नये, तो रोग बेण्यातूनच पुढे जातो. बाजारात चांगला भाव आला तरी बेण्याला हात लावू नकोस. घरचे म्हणतील, "चार गड्डे तर आहेत, त्यात राखायचे काय?" त्यांना माझी गोष्ट वाचून दाखव.

लावण्याची रीत फार कठीण नाही. जागा अशी पाहावी की पावसाळ्यात पाणी साचणार नाही. सुरणाला थोडी सावली चालते, नारळी-पोफळीच्या मधल्या जागेत तो सुखाने वाढतो, पण पाय पाण्यात राहिले की बुडाशी कुजतो. तुझा न्हाणीचा कोपरा म्हणून मला थोडा खटकला. पाणी दुसरीकडे वळवता येत नसेल तर झाडेच हलव. दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे तीन-तीन फुटांवर घ्यावेत, चैत्रात घेऊन ऊन खाऊ द्यावे. वरची माती, दोन-अडीच किलो चांगले कुजलेले शेणखत आणि ओंजळभर चुलीची राख असे मिसळून खड्डा भरावा. शेण कच्चे घालू नये. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळली तर बुडकुजीला आळा बसतो. ती भुकटी आता कृषी सेवा केंद्रांत मिळते.

गड्डा किलोभराचा असेल तर अखंडच लावावा. मोठा असेल तर कापावा, पण आडवा नव्हे. वर मधोमध जो डोळा असतो, त्याचा थोडा थोडा भाग प्रत्येक तुकड्याला यायला हवा, म्हणून कलिंगडाच्या फोडीसारखे उभे काप घ्यावेत. डोळा नसलेला तुकडा रुजायला फार वेळ घेतो, कधी रुजतच नाही. कापलेले तुकडे शेणाच्या पातळ काल्यात बुडवून एक दिवस सावलीत सुकवावेत. मग वैशाखाच्या अखेरीस, रोहिणीच्या आसपास, डोळा वर करून लावावेत, वर माती आणि तिच्यावर पाचोळ्याचा जाड थर. महिना-सव्वा महिना काहीच दिसत नाही, तेव्हा उकरून बघू नये, ही सवय पोरांना असते आणि आपल्यालाही असते. मिरगाच्या सरी पडल्या की कोंब माती फोडून भाल्यासारखा वर येतो. कोंब वर आले की एकदा, आणि पुढे महिन्याने एकदा तण काढून बुडाशी भर द्यावी. बस, इतकेच. केरळातले शेतकरी सुरण माघ-फाल्गुनात, त्यांच्या कुंभ महिन्यातल्या पौर्णिमेला लावतात, म्हणजे तो चंद्रासारखा गोल होतो म्हणे. आमच्याकडे त्या दिवसांत विहिरीला पाणी नसते, तेव्हा आपला चंद्र वैशाखातलाच बरा.

ज्यांना विक्रीसाठीच लावायचा आहे त्यांनी 'गजेंद्र' या जातीचे बेणे घ्यावे. ही आंध्र प्रदेशातल्या कोव्वूर भागातली निवड. गड्डा गुळगुळीत, अंगावर पिल्ले जवळपास नाहीत, आणि महत्त्वाचे म्हणजे खाजत नाही. तिरुवनंतपुरमला 1963 साली सुरू झालेली केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे, तिची 'श्री पद्मा' ही जातही अशीच. बेणे खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावे, बाजारातला भाजीचा गड्डा आणून लावला तर पाने आल्यावर कळते काय आहे ते. माझ्या परसात दोन ओळी गजेंद्रच्या आहेत आणि एका कोपऱ्यात सासूबाईंचा जुना खाजरा वाण आहे. विकते गजेंद्र, खाते जुना. माझ्या जिभेला जुन्याची चव अधिक पिठूळ लागते. घरातल्या सुना हे मान्य करीत नाहीत.

आता चुलीकडे. ज्या घरात सुरणाने एकदा रुसवा आणला तिथे पहिल्यांदा भाजी करू नये, काप करावेत. काप कुणाला नको होत नाहीत. चार-पाच माणसांना अर्धा किलो सुरण पुरे. तो महिनाभर ठेवलेला असावा. जाड साल काढून अर्ध्या बोटाच्या जाडीचे रुंद काप करावेत. भांड्यात भरपूर पाणी, लिंबाएवढी चिंच किंवा सात-आठ आमसुले, मीठ आणि हळद घालून काप त्यात उकडावेत. सुरीचे टोक सहज आत शिरेल पण काप मोडणार नाही इतपत. पाणी सगळे फेकून द्यावे. निथळलेल्या कापाचा एक तुकडा आधी आपण स्वतः खाऊन बघावा आणि पाच मिनिटे थांबावे. जीभ चुरचुरली तर पुन्हा ताजे आंबट पाणी घालून एक उकळी द्यावी. ही पाच मिनिटे वाचवू नका. मग तिखट, मीठ, हळद, हिंग चोळून, तांदळाच्या पिठात जाडसर रवा मिसळून त्यात काप घोळवावेत आणि तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्यावेत. ज्या घरी मासळी खात नाहीत तिथे हे काप आणि डाळभात म्हणजे रविवार.

भाजीसाठी असेच उकडून घेतलेले चौकोनी तुकडे. मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत रात्रभर भिजवलेली मूठभर हरभऱ्याची डाळ परतून शिजवावी, मग सुरण, तिखट, चार आमसुले, गुळाचा खडा, मीठ. वाफ आली की ओले खोबरे. उकडताना आंबट घातले म्हणून भाजीत पुन्हा नको असे म्हणू नका. ते पाणी तर आपण फेकले.

उपासाला सुरणाचे भरीत करतात. उकडलेला सुरण कुस्करून त्यात दाण्याचे कूट, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि घुसळलेले दही, वर तूप-जिऱ्याची फोडणी. साबुदाण्यापेक्षा पोटाला हलके, आणि पैसे वाण्याकडे जात नाहीत. पावसाळ्यात सुरणाचा कोंब पान उघडण्याआधी कोवळा असतो, त्याचीही चिंच आणि डाळ घालून भाजी होते, मात्र बेण्याच्या झाडाचा कोंब तोडू नये. सुरणाला वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालविणारा, असे नाव आहे. त्यावर विसंबून रक्त पडत असताना घरी बसू नका, एवढे सांगून ठेवते. भाजी ती भाजी.

तर मुली, तू असे कर. पाने पूर्ण वाळली की दोन गड्डे काढ आणि माळ्यावर ठेव. संक्रांत होऊ दे. मग एखाद्या साध्या दिवशी, पाहुणे नसताना, थोडेसेच काप कर. पहिला काप सगळ्यांच्या देखत तू खा. सासूबाईंना आग्रह करू नकोस, ताटात एक वाढ आणि गप्प राहा. आईला पत्र टाक किंवा फोन कर आणि विचार की ती आणखी काय काय घालीत होती. मी लिहिले त्यापेक्षा वेगळे काही निघाले तर मलाही हवे आहे.

काप कसे झाले ते कळव. सासूबाईंनी दुसरा मागितला का, तेही.